चौदाव्या पावलाचं दार

गिरगावात, मुगभाटातल्या दाभोळकरांच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर ओळीने अकरा खोल्या होत्या आणि अकराही खोल्यांची दारं एकसारखी होती. तोच विटका निळा रंग, तीच लोखंडी कडी, तोच झिजलेला उंबरठा. दारांवर डोकं खर्च करायचं नाही असं चाळ बांधणाऱ्या दाभोळकराने ठरवूनच टाकलं असावं. दिवसाउजेडी त्याची कुणाला अडचण नव्हती. पण रघुवीर नेवरेकर जिन्याची शेवटची पायरी चढला की मनातल्या मनात मोजायला लागायचा. चौदा पावलं, मग उजव्या हाताला आपलं दार. गेली दोन वर्षं तो असा मोजत होता आणि हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. एक तो स्वतः आणि दुसरे परळचे डोळ्यांचे डॉक्टर.

परळचे अशासाठी, की गिरगावातल्या डॉक्टरकडे जावं तर बाहेरच्या बाकावर ओळखीची दोन माणसं तरी बसलेली असायचीच आणि रघुवीर घरी पोचायच्या आत बातमी घरी पोचली असती. परळच्या डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले, दिवा मारून पाहिलं आणि सरळ सांगून टाकलं. रातांधळेपणा आहे, आणि तो वाढणारा आहे. आधी अंधारातलं दिसेनासं होईल, मग बाजूचं. समोरचं मात्र, नळीतून पाहावं तसं, बरीच वर्षं दिसत राहील. औषध म्हणून त्यांनी गाजरं आणि माशाचं तेल सांगितलं. पण ज्या आवाजात सांगितलं त्यावरून रघुवीर काय ते समजला.

तो कांदेवाडीतल्या एका छापखान्यात कंपोझिटर होता. अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायला समोरचं दिसलं की पुरे. कुठलं अक्षर खिळ्यांच्या पेटीतल्या, केसच्या, कुठल्या घरात आहे हे त्याच्या बोटांना वीस वर्षांत पाठ झालं होतं. मग जे बोटांना जमलं ते पायांना का जमू नये, असा विचार करून त्याने डोळे शाबूत होते तोवरच सगळं गिरगाव पाठ करायला घेतलं. घर ते छापखाना सहाशे चाळीस पावलं. इराण्याकडचा पावाचा वास आला की डावीकडे वळायचं. पिठाच्या गिरणीसमोर गटाराची फरशी डुगडुगते, तिथे पाय लांब टाकायचा. प्रार्थना समाजापासून पुढे वारा तोंडावर आला की चौपाटी आली. कामावरून सुटला की रोज तो चौपाटीवर जायचा, वाळूत अर्धा तास बसायचा आणि दिवेलागणीच्या आत घरी हजर व्हायचा. चाळीतल्या बायका बकुळेला म्हणायच्या, नवरा असावा तर असा, सात वाजल्यानंतर उंबरठ्याबाहेर पाय नाही. बकुळा खूश व्हायची. रघुवीर मान खाली घालून जेवायचा.

बायकोपासून लपवायचं कशाला, असं कुणीही विचारील. त्याला कारण होतं. कोकणात त्याचे एक चुलते आंधळे झाले होते. ओटीवरच्या एका खांबाशी ते अकरा वर्षं बसून होते. परसाकडे जायचं तरी कुणीतरी हात धरीपर्यंत थांबायचे. घरात कुणी त्यांना वाईट बोललं नाही. सगळ्यांनी नीट सांभाळलं, अगदी पावसाळ्यात पोतं आत घ्यावं तसं. रघुवीरला मरणाची भीती नव्हती, पण त्या खांबाची होती. आणि कळलं की बकुळा हात धरणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तिचा स्वभावच तसा. तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची.

मूठ तशी एकदा उघडता उघडता राहिली होती. दिवाळीनंतरची गोष्ट. दिवस लहान झाले होते, गॅलरीतला दिवा गेला होता आणि जिन्याच्या तोंडाशी कुणीतरी पाण्याचं पिंप आणून ठेवलं होतं. पिंपाला वळसा घालताना रघुवीरचा हिशेब एका दाराने चुकला. तो आत शिरला, टोपी काढून खुंटीला अडकवली, खाटेवर बसला आणि म्हणाला, "चहा टाक गं. अर्धाच टाक."

खोली होती नॉर्मन परेराची. त्याची बायको पॉलीन कोपऱ्यात शिवणाच्या मशीनवर बसली होती, आणि रघुवीरने खुंटी समजून टोपी ज्याला अडकवली तो सेंट अँथनीच्या तसबिरीचा खिळा होता.

पॉलीन क्षणभर बघत राहिली आणि मग जी हसायला लागली ती थांबेचना. "अरे रघुवीरभाऊ, हा सेंट अँथनी हरवलेली वस्तू शोधून देतो, ठाऊक आहे? आज तुलाच शोधून आणला बघ त्याने!"

नॉर्मन आला तर तोही पोट धरून हसला. "काय मॅन, घर विसरलास काय? का तुझी बायको चहा देत नाय?"

झालं. पुढचे दोन महिने चाळीला विषय पुरला. कुणी म्हणे, नेवरेकर मोरी समजून देवघरात शिरतील. कुणी डोळा घालून भलतंच सुचवी. रघुवीर सगळ्यांबरोबर हसायचा. चक्रम म्हणा, बाईलवेडा म्हणा, काय वाटेल ते म्हणा, आंधळा म्हणू नका म्हणजे झालं. बकुळाही हसली होती, फक्त रात्री भाकरी वाढताना एकदा म्हणाली, "पॉलीनच्या खोलीत व्हिनेगरचा वास असतो. तुम्हाला आला नाही तो?" वास आला होता. पण पावलांवर त्याचा जास्त विश्वास होता.

आता मुख्य गोष्ट. छापखान्यातल्या लोकांनी मिळून एक सोसायटी काढली होती आणि तिला बोरिवलीला जागा मिळाली होती. प्रत्येकी दीड खोली, पुढे ओसरी आणि मागे चार झाडं लावण्यापुरती जमीन. सोसायटीचे चिटणीस शामराव दादरला राहत. त्यांनी बजावून ठेवलं होतं, की महिनाअखेर सहीचा कागद आला नाही तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल. पुढचा माणूस होता मशीनवरचा कुशाबा. त्याला पाच पोरं आणि लालबागेत अर्धी खोली. तो बिचारा रोज रघुवीरच्या तोंडाकडे बघायचा आणि काही विचारायचा नाही.

बकुळेचं सारं बालपण राजापूरच्या बाजूला झाडांत गेलेलं. लग्न होऊन आली ती या खोलीत, जिच्या एकुलत्या एका खिडकीतून समोरच्या चाळीची भिंत दिसते. मुलगी लक्ष्मी याच खोलीत वाढली आणि सोळावं सरताच लग्न होऊन नाशिकला गेली. अठरा वर्षं बकुळा त्या भिंतीकडे बघत तांदूळ निवडत होती आणि तिने कधी तक्रार केली नव्हती. कागद आला त्या दिवशी मात्र ती म्हणाली, "अहो, मला एकदा आभाळाखाली स्वयंपाक करायचाय. म्हातारी व्हायच्या आत."

यावर नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? आणि हो तरी कसं म्हणणार? बोरिवलीला स्टेशनपासून सोसायटीच्या जागेपर्यंत पाऊण तासाची वाट, अर्धी भाताच्या बांधांवरून. दिवे नाहीत. थंडीत पाच वाजता कामावरून सुटलेला माणूस तिथे पोचेपर्यंत काळोख झालेला. त्या काळोखात पाठ केलेलं एक पाऊल नाही. इथे तो माणूस होता. तिथे तो पहिल्या संध्याकाळपासून ओटीवरच्या खांबाशी.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, दोघं जागा बघायला गेली. बकुळा गाडीतून उतरली ती जणू माहेरच्या धक्क्यावर उतरली. इकडे करवंदीची जाळी, तिकडे पाण्याचा ओहोळ, समोर कान्हेरीचे डोंगर. ती भराभर चालत होती आणि झाडांना नावं घेऊन ओळखत होती. "हा बघा कुंभा. ही आपल्याकडची पिठवणी नाही का? आणि अहो, वास घ्या, आंब्याला मोहर आलाय!"

रघुवीर डोंगर बघत होता. डोंगर समोर होता, त्यामुळे त्याला तो छान दिसत होता. पायाशी काय आहे ते त्याच्या नळीत येत नव्हतं.

"अहो, विहीर!" बकुळेने दंड धरून त्याला मागे ओढला. एका पावलावर जमिनीला काळं भोक पडलं होतं. कठडा नव्हता. आत कुठेतरी खोल बेडूक डरावला.

"बघितली होती मी," रघुवीर म्हणाला.

"डोंगर बघता बघता पाताळात जाल एक दिवस," ती हसून म्हणाली. पण दंड तिने लगेच सोडला नाही. शेजारच्या वाडीतल्या राखणदाराने तिला सोनचाफ्याचं एक कलम दिलं. जागा ताब्यात येईपर्यंत डब्यात ठेवा म्हणाला, मग दारात लावा. संध्याकाळ इथली बघून जाऊ असं तिच्या मनात होतं. रघुवीरने डोकं दुखतंय, पोट बिघडलंय, अशी तीन कारणं दिली आणि चार वाजताच तिला स्टेशनकडे वळवलं. परतताना ती मांडीवर डबा घेऊन मागे पडणाऱ्या डोंगरांकडे बघत होती. त्याला वाटलं, इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ती ही. आणि ती नुसती म्हण नव्हे, आज आपण ती बघून आलो. नव्हे, न बघताच आलो.

दुसऱ्या दिवशी सोमवारी संध्याकाळी रेडिओवर दिल्लीहून भाषण झालं, की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, केंद्राकडे राहील. सगळी चाळ नॉर्मनच्या रेडिओभोवती गोळा झाली होती. भाषण संपलं. मग खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "मुंबई आमची नाही तर कोणाची रे?" आणि लोक धडाधड जिने उतरले. त्या गर्दीतून वाट काढत रघुवीर आपल्या खोलीकडे वळला आणि त्याचा पाय बकुळेने दुपारी गॅलरीत ठेवलेल्या डब्याला लागला. डबा आडवा झाला. कलमाची एक फांदी मोडली.

"अहो! दिसत नाही का?" बकुळा कळवळून म्हणाली.

तो तिच्यावर ओरडला. "वाटेत कशाला ठेवायचं हे? जंगल करायचंय का गॅलरीत?" लग्नाच्या अठरा वर्षांत तो कधी असा ओरडला नव्हता. बकुळेने माती गोळा केली, मोडक्या फांदीला चिंधी बांधली आणि डबा आत नेऊन ठेवला. त्या रात्री रघुवीरला स्वतःची इतकी चीड आली की तो कुशीवरून वळलाही नाही.

मंगळवारी गिरगाव पेटलं. छापखान्याच्या मालकाने दुपारीच फाटक लावून सगळ्यांना घरी पिटाळलं. रघुवीर घरी आला तर दाराला कुलूप. पॉलीन म्हणाली, "बकुळा गेली ना कमलाबाईंकडे, फणसवाडीत, हळदीकुंकवाला. मी बोलली नको जाऊ. ऐकते काय ती?"

उजेड होता तोवर तो फणसवाडीत पोचलाही. कमलाबाई म्हणजे बकुळेची मावसबहीण. तिच्या खोलीत सात-आठ बाया हातात वाण घेऊन भेदरून बसल्या होत्या. बाहेर ठाकुरद्वाराच्या नाक्याकडून आरोळ्या ऐकू येत होत्या, मध्येच फटाक्यासारखे आवाज येत होते आणि ते फटाके नव्हेत हे सगळ्यांना कळत होतं. अश्रुधुराने डोळे चुरचुरत होते. निघू निघू म्हणता अंधार पडला. संचारबंदी लागते आहे अशी आवई आली तेव्हा निघणं भागच पडलं.

रस्त्यावरचे दिवे पोरांनी दगड मारून फोडले होते. घराघरांतून लोकांनी बत्त्या घालवल्या होत्या. वर चंद्र होता नव्हता, धुराने काही कळत नव्हतं. बकुळा दारात उभी राहिली आणि तिचा पाय उचलेना. "मला काही म्हणजे काही दिसत नाही हो," ती म्हणाली.

"माझा हात धर," रघुवीर म्हणाला.

आणि तो निघाला. मोठा रस्ता टाळून त्याने आतले बोळ धरले. "तीन पायऱ्या आहेत. आता सरळ. इथे नळ आहे, पदर सांभाळ. फरशी डुगडुगेल, लांब पाऊल टाक. आता भिंतीला हात लाव, भिंत संपली की वळायचं." आजूबाजूला माणसं ठेचकाळत होती, एकमेकांवर आपटत होती, देवाचं नाव घेत होती. रघुवीर भर दुपारी चालावं तसा चालत होता. त्याला दोन वर्षं अंधाराची सवय होती. बाकीच्यांना तो आजच भेटला होता. दूर गोळीचा आवाज झाला आणि बकुळेची बोटं त्याच्या मनगटात रुतली, तरी खरं सांगायचं तर रघुवीरला आनंद झाला होता. दोन वर्षांत पहिल्यांदा तो कुणाच्या मागे नव्हता. बायको त्याच्या हाताला धरून चालली होती, तो तिच्या नव्हे.

"तुम्हाला कसं हो इतकं दिसतं?" बकुळेने विचारलं.

"गिरगाव आहे हे! इथे डोळे बांधून सोडलंस तरी तुला चौपाटीवर नेऊन आणीन," तो म्हणाला. बोलण्याच्या भरात त्याचा पाय जरा जास्तच ऐटीत पडायला लागला.

मुगभाटाच्या तोंडाशी त्याला समोर लाल धग जाणवली. कुणीतरी टायर पेटवला असावा. चाळ आता पन्नास पावलांवर. तो मोजत चालला होता. आपल्या मुठीतला बकुळेचा हात एकदम सुटला हे त्याला कळलं, पण ती पदर सावरत असेल असं त्याला वाटलं. ती थांबली होती. तो थांबला नाही.

रस्त्यात आडवी टाकलेली हातगाडी त्याच्या गुडघ्यावर आपटली आणि तो तिच्यावरून पालथा पडला. तळहात सोलवटले. हात चाचपडत वर केले तेव्हा त्याला कळलं, की गाडीच्या कडेला फरशांचा कमरेइतका ढीग रचलेला आहे आणि टायरच्या उजेडात तो सगळ्या जगाला दिसत असणार. बकुळेला तर दिसत होताच.

मग जवळ येऊन तिने त्याला उठवलं आणि विचारलं, "लागलं का?"

एवढंच. सोमवारी डबा लवंडला तेव्हा ती म्हणाली होती, दिसत नाही का. आज ते म्हणाली नाही. आजच तर म्हणायला हवं होतं. उरलेली पावलं ती पुढे होती आणि तो तिच्या मागे.

मग संचारबंदीचे दिवस आले. दिवसातून घटकाभर दूध-भाजीपुरती मोकळीक, बाकी सगळी चाळ खोल्यांत कोंडलेली. एरवी असे दिवस गप्पांत गेले असते. रघुवीरचे एकाच प्रश्नात गेले. कळलं की नाही? तो बकुळेच्या प्रत्येक हालचालीचा अर्थ लावत बसायचा. पाण्याचा तांब्या ती आता रोज एकाच जागी ठेवते, ते मुद्दाम की सहज? खोलीच्या मध्ये असलेला पाट तिने भिंतीशी लावला, तो केर काढायला की माझ्यासाठी? पॉलीनशी दारात कुजबुजत होती, ती कशाबद्दल? एकदा धीर करून त्याने विचारलं, "बोरिवलीचं काय करायचं?" तर ती सुपातल्या तांदळांवरून मान वर न करता म्हणाली, "बघू." महिनाभर जिच्या तोंडी दुसरा शब्द नव्हता, ती बघू म्हणते! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत झाली. विचारावं तर स्वतःच्या तोंडाने सांगावं लागणार, न विचारावं तर झोप नाही. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे त्याला कळत होतं. पण तो झाकून बसला होता.

आठव्या दिवशी त्याच्या मनाने एक गोष्ट पक्की केली. तिला कळलेलं असो वा नसो, या बाईने अठरा वर्षं भिंतीकडे बघत काढली. आता तिचं आभाळ आपण आपल्या पावलांसाठी अडवून धरायचं, हा नीचपणा आहे. आणि तिला कळलेलं असेल आणि कीव येऊन ती गप्प बसली असेल, तर ती कीव खाऊन जगण्यापेक्षा तो खांब परवडला. त्याने ट्रंकेतून कागद काढला, खिडकीच्या उजेडात धरला आणि सही केली. सही नेहमीसारखी वळणदार आली.

"घे," तो बकुळेला म्हणाला. "रविवारी शामरावांना देऊन ये. मला छापखान्यात जादा काम आहे." काम होतंच. मुंबई आमचीच, अशी पत्रकं रात्रंदिवस निघत होती.

बकुळेने सहीकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं. "नक्की?" तिने विचारलं.

"नक्की. एकदा सांगितलं ना."

रविवारी, एकोणतीस तारखेला, ती जेवणं उरकून दादरला निघाली. अजून शहर पुरतं थंड झालं नव्हतं. ट्रामवर दगड पडतात म्हणून ऐकू येत होतं. रघुवीर चार वाजता घरी आला. ती आली नव्हती. पाच वाजले. आज तो चौपाटीवर गेला नाही. गॅलरीच्या कठड्याशी उभा राहून खाली बघत राहिला, पण दिवस कलायला लागला तशी खालची माणसं करडी झाली आणि करड्यांतली बकुळा कोणती ते त्याला ओळखता येईना. तिचं काही झालं असेल तर आपण शोधायला तरी जाऊ शकतो का, असा विचार त्याच्या मनात आला. गिरगावाबाहेर अंधारात तो कुठेच जाऊ शकत नव्हता. दादरलासुद्धा नाही.

"येईल रे ती," पॉलीन शेजारी येऊन म्हणाली. "तू आत बस. मी बघते." ती तिथेच उभी राहिली, आणि आपल्याला न विचारता ही आपल्यासाठी बघते आहे, हे रघुवीरच्या ध्यानात आलं.

सहाच्या सुमाराला जिन्यावर बकुळेच्या चपलांचा आवाज आला. तो आवाज त्याने कुठेही ओळखला असता. ती आत आली, पाणी प्यायली, पदराने तोंड पुसलं.

"दिलास कागद?"

"शामरावांना भेटले. म्हटलं, आमची जागा कुशाबाला द्या." तिने कमरेची पिशवी सोडली, घडी केलेला कागद काढला आणि त्याच्या हातात ठेवला. "हा तुमचा परत आणला."

रघुवीरच्या छातीवरून मोठ्ठं ओझं उतरलं. गिरगाव राहिलं, चौपाटी राहिली, सहाशे चाळीस पावलं राहिली. त्याला इतका आनंद झाला की लगोलग त्या आनंदाची लाज वाटली.

"हे काय केलंस? तुला हवं होतं ना ते सगळं?"

"हवं होतं. अजून हवंय. खोटं कशाला बोलू?" बकुळा म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. ट्राममध्ये रडून घेतलं असावं. "पण तिकडच्या विहिरीला कठडा नाही."

"कठडा बांधता येतो."

"एका विहिरीला येतो."

ती उठली. कोपऱ्यातला सोनचाफ्याचा डबा तिने दोन्ही हातांनी उचलला. मोडक्या फांदीखाली एक नवा, नखाएवढा कोंब आला होता. दाराशी जाऊन ती उभी राहिली.

"हे गॅलरीत ठेवायचंय. आत ऊन लागत नाही त्याला," ती म्हणाली. "कुठे ठेवू? तुमच्या पायात येणार नाही अशी जागा तुम्हीच सांगा."

शेजारी पॉलीनचं मशीन चाललं होतं ते मध्येच थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

"कधीपासून?" बकुळेने विचारलं.

"दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं एकट्याने मोजलीत पावलं?" तिचा आवाज फाटला. मग तिला रागच आला. "मी काय परकी होते? हात धरीन म्हणून भ्यालात ना? नाही धरणार. तुम्ही मागाल तेव्हा धरीन. झालं?"

त्याने मान डोलावली. बाहेर गॅलरीत अंधार उतरत होता आणि दारात उभी असलेली बकुळा त्याच्या नजरेतून हळूहळू पुसट होत चालली होती. तिचा आवाज मात्र जिथल्या तिथे होता.

"सांगा लवकर. हात दुखले माझे."

"दारातच ठेव," रघुवीर म्हणाला. "उजव्या बाजूला, उंबरठ्याला लागून."

"फूल यायला दोन पावसाळे जातील, राखणदार म्हणत होता." पुढचं विचारायचं की नाही असं तिचं चाललं असावं. "तोवर दिसेल ना हो तुम्हाला?"

"नाही दिसलं तर वास येईल," तो म्हणाला. "अकरा दारांतलं आपलं कुठलं ते कळेल. म्हणून तर दारात ठेव म्हणतो."

बकुळेने डबा उंबरठ्याशी ठेवला. रघुवीर उठला, भिंतीला हात लावत बाहेर गेला आणि जिन्यापर्यंत जाऊन परत आला. चौदाव्या पावलाला तो थांबला, खाली वाकला आणि बोटांनी डब्याची कड चाचपून पाहिली. डबा वाटेत येत नव्हता.